मागं काय हाय?

माझ्यावर एका हवालदाराच्या १२ गोळ्या उधार आहेत. पॉइंट थ्री एटच्या, सर्व्हिस रिव्हॉल्वरच्या. १९९३च्या फेब्रुवारीत त्या मी झाडल्या आणि रजिस्टरला त्यांच्या नावावर पडल्या.

पोलीस खात्यात काय काय उधार मिळतं याची यादी मोठी आहे. पैसे मिळतात, धुतलेला युनिफॉर्म मिळतो, आपल्याऐवजी बंदोबस्ताला उभा राहणारा माणूसही मिळतो. गोळी मात्र मिळत नाही. शस्त्रागारातून बाहेर पडलेली गोळी संध्याकाळी परत यावी लागते. गोळी म्हणून नाही आली तर रिकामी पुंगळी म्हणून. हा नियम ज्यांनी माझ्या हाडांत मुरवला, त्यांनीच तो माझ्यासाठी वाकवला. त्यामुळे त्यांचं नाव इथे लिहीत नाही, जिल्ह्याचंही नाही. मुलगा त्यांचा आज खात्यातच आहे.

मुख्यालयात कवायत आणि मस्केट्री शिकवणाऱ्या कोणालाही उस्ताद म्हणतात. आमच्या जिल्ह्यात नुसतं ‘उस्ताद’ म्हटलं की हेच. बुटके, रुंद, डाव्या कानाने जवळजवळ बहिरे. उभी हयात गोळीबाराच्या मैदानावर कानात कापसाचे बोळे घालून काढलेली, त्यामुळे खाजगीतलं बोलणंही परेडला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. माझं गुपित मात्र त्या आवाजातून कधी बाहेर पडलं नाही.

गुपित असं की मी दचकायचो.

एमपीएससीतून फौजदार होऊन नाशिकला त्र्यंबक रस्त्यावर प्रशिक्षण घेतलं. १९०९पासून तिथे पोलीस घडवले जातात, या गोष्टीचा आम्हाला अभिमान होता. त्याहून जास्त अभिमान होता तिथून निघालेल्या १९८३च्या तुकडीचा. मुंबईतल्या चकमकींमुळे पुढे जी नावं घराघरांत गेली, त्यांतली बरीच या एका तुकडीतली. मेसमध्ये रात्री गप्पा रंगत त्या याच. ११ जानेवारी १९८२ला वडाळ्यात गुंड मन्या सुर्वे कसा पडला, हे त्या दिवशी शाळेत बसलेली पोरं डोळ्यांनी पाहिल्यासारखी सांगायची. कोणाच्या नावावर किती, याचा हिशेब क्रिकेटच्या धावफलकासारखा तोंडपाठ. मीही त्यात होतो, खोटं कशाला सांगू. फरक एवढाच की मैदानावर घोडा दाबायच्या क्षणी माझे डोळे मिटायचे. अंतिम गोळीबारात मी कसाबसा काठावर पास झालो.

जिल्ह्यात रुजू झाल्यावर पहिला वार्षिक सराव आला. माणशी १२ गोळ्या, ६-६च्या दोन खेपा. मागे मातीचा उंच बट, त्यावर लाल झेंडा. पहिल्या सहांतल्या दोन फळीला लागल्या, बाकीच्या खाली मातीत. दुसऱ्या खेपेला उस्ताद माझ्या हातातून रिव्हॉल्वर घेऊन पाठ फिरवून स्वतः भरू लागले. चक्र बंद केलं आणि परत दिलं. "चालवा."

पहिली उडाली. दुसऱ्या वेळी नुसतं ‘टक्’. आवाज नाही, धक्का नाही. आणि नळीचं तोंड मात्र कोंबडीने दाणा टिपावा तसं खाली गेलेलं. सगळं शांत असल्यामुळे मलाच ते स्पष्ट दिसलं. उस्तादांनी भरताना अधल्यामधल्या घरांत झाडलेल्या पुंगळ्या घातल्या होत्या.

"सायेब, गोळी तर नव्हती," ते माझ्या कानाशी म्हणाले. त्यांच्या मानाने ती कुजबुजच. "मग दचकलं कोन?"

दोष डोळ्यांत नसतो, नेमातही नसतो. पुढच्या क्षणी धडाका होणार हे हाताला आधीच ठाऊक असतं, म्हणून तो धक्का यायच्या अगोदरच त्याला दाबायला जातो. पांढऱ्या फळीवर त्याची किंमत चार गुण. गर्दीच्या रस्त्यावर काय, हे तेव्हा माझ्या मनातही आलं नव्हतं.

त्या दिवशी गोळीबार उरकला आणि एक पुंगळी कमी भरली. मग आम्ही सगळे, फौजदारापासून शिपायापर्यंत, कंबरेत वाकून कुसळांतून एक-एक पाऊल सरकत होतो. दोन तास. ऊन चढलं, पाणी संपलं, कोणीतरी म्हणालं, "उस्ताद, हरवली म्हणून लिहून टाका." उस्ताद त्याच्याकडे असे बघत राहिले की तोच पुन्हा वाकला. पुंगळी शेवटी एका शिपायाच्या पँटच्या दुमडीत सापडली. कोणी हसलं नाही. घरी निघताना उस्ताद मला म्हणाले, "संध्याकाळी शस्त्रागारावर या. एकटे."

पुढचे दोन महिने मी रोज गेलो. काम एकच: रिकाम्या रिव्हॉल्वरमध्ये पुंगळ्या भरायच्या, हात लांब करायचा, उस्ताद नळीवर माशीच्या मागे चार आण्याचं नाणं ठेवणार, आणि घोडा असा दाबायचा की नाणं पडता कामा नये. पहिल्या संध्याकाळी नाणं पडल्याचा खणखणाट मोजायचं मी चाळिसाव्याला सोडून दिलं. उस्ताद शेजारी बसून पुलथ्रूला चिंधी बांधून एकेक थ्री नॉट थ्री साफ करत. तेलाचा वास, कंदिलाएवढा बल्ब, आणि नाणं. मध्येच हुकूम सुटायचा: "शिस्त लो!" खात्यातली हिंदी ही एक वेगळीच भाषा आहे. मी शिक्षकाचा मुलगा. मला शिस्त म्हणजे ओळीत उभं राहणं. पुढे कधीतरी कोश उघडला तेव्हा कळलं की शब्द फारसीतला आणि त्याचा मूळ अर्थ नेम. आपण मराठीत त्याचा ओळीत उभं राहण्याशी संबंध नंतर लावला.

नाणं पडायचं थांबलं तसा त्यांनी प्रश्न सुरू केला.

"समोर काय हाय?"

"भिंत."

"मागं काय हाय?"

"भिंतीच्या मागे? माहीत नाही."

"मग जा, बघून या."

मी बाहेर पडून वळसा घालून बघून आलो. भिंतीमागे लाइनीतल्या चाळीची मोरी होती, एका शिपायाची बायको भांडी घासत होती. परत येऊन सांगितलं. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न. मी म्हणालो, मोरी. "आज बघितली? जा, बघून या." त्या दिवशी तिथे दोन पोरं गोट्या खेळत होती. रिकाम्या रिव्हॉल्वरसाठी हा वळसा मी रोज घालत होतो. पहिल्या आठवड्यात मला हा म्हातारा चक्रम वाटला, हे कबूल करतो.

एका रात्री वीज गेली. अंधारात नाणं ठेवता येईना. तेव्हा त्यांनी न विचारता सांगितलं. नोकरीची चार वर्षं झालेली. कुठल्याशा गावात बाजारपेठेत दंगल, दगडफेक, रीतसर हुकूम झाला. तिघांनी रायफली उचलल्या, त्यांतले हे एक. समोरच्या गर्दीत त्यांना रोज केळी देणारा माणूस दिसला. "मनलं, ह्याला कशाला. नळी जरा वर केली." समोरचं कोणी मेलं नाही. जमाव पांगला. संध्याकाळी कळलं, बाजाराच्या पलीकडच्या आळीत एक बाई गच्चीवर कुरडया वाळत घालत होती.

"कुनाची गोळी?" मी विचारलं.

"चौकशीत तिघांपैकी कुनाची ते ठरलं नाय," उस्ताद म्हणाले. "म्हनून मी घेतली."

पोलिसांनी हवेत गोळीबार केला, अशी बातमी लोक सुटकेचा श्वास टाकत वाचतात. हवेत म्हणजे जणू ढगात. रायफलची गोळी दोन मैलांपलीकडे जाऊ शकते आणि कुठेतरी उतरतेच. म्हणूनच पोलिसांच्या नियमांत जमावाच्या डोक्यावरून गोळी झाडायला मनाई आहे. इशारा द्या, बिगूल वाजवा, फलक दाखवा, कमीत कमी गोळ्या आणि त्याही खाली. बाहेरच्या माणसाला हे क्रूर वाटतं. मलाही नाशिकला वर्गात वाटलं होतं. तिथे फक्त नियम सांगितला, कुरडया सांगितल्या नाहीत.

नाणं ठरायला लागलं खरं, पण खऱ्या गोळीपुढे काय होईल हे कळायला गोळी हवी आणि माझ्या वाट्याच्या संपलेल्या. पुढचा सराव वर्षाने. उस्तादांच्या वाट्याच्या १२ शिल्लक होत्या. जिल्ह्याच्या नेमबाजी संघाची निवड त्याच गुणांवर व्हायची आणि त्यांचं नाव त्या संघात वर्षानुवर्षं पहिलं असे. फेब्रुवारीतल्या एका पहाटे त्यांनी मला मैदानावर बोलावलं. बटाजवळ एक शिपाई, इकडे आम्ही दोघं. लाल झेंडा दवाने भिजून काठीला चिकटला होता. उस्तादांनी सहा गोळ्या माझ्या तळहातावर ठेवल्या.

मला वाटलं, दाखवायला देताहेत.

सहांतल्या चार लागल्या. नंतरच्या सहांतल्या पाच. बारांत नऊ, आणि सगळ्या वेळ डोळे उघडे. आयुष्यात एवढा आनंद मला बढतीचाही झाला नाही. वळून बघतो तर उस्ताद मांडीवर रजिस्टर घेऊन स्वतःच्या नावापुढे ९ लिहीत होते. बारांत बारा लिहायची सवय असलेला हात.

"उस्ताद, अहो, हे..."

"पुंगळ्या मोजा, सायेब. बारा हायेत?"

बारा होत्या.

"मग जुळला हिशेब."

जुळला नव्हता. गोळ्यांचा जुळला होता, माणसांचा नाही. महिन्याभराने संघाची यादी लागली आणि त्यात त्यांचं नाव नव्हतं. पोरं म्हणू लागली, उस्ताद आता थकले. मी त्या यादीसमोर उभा राहून ती वाचली आणि तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर मी का गेलो होतो पहाटे, हेही सांगावं लागलं असतं. ही गोष्ट मी त्यांच्या हयातीत कोणाला सांगितली नाही. त्यांच्यापुढेही त्याबद्दल एकदाही बोललो नाही. व्याज म्हणतात ते हेच असावं.

गोळ्यांच्या तुटवड्याचं रडगाणं आमच्याच जिल्ह्याचं होतं असं नाही. २६ नोव्हेंबर २००८च्या मुंबईवरच्या हल्ल्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीनेही मुंबईच्या पोलिसांना सरावासाठी पुरेसा दारूगोळा मिळत नसल्यावर बोट ठेवलं. तोवर उस्ताद निवृत्त झाले होते. सीएसटीवरची दृश्यं बघून त्यांचा फोन आला. सगळे वाहिनीवाले जुनाट थ्री नॉट थ्रीला नावं ठेवत होते. "बंदूक जुनी हाय, वाईट नाय," ते ओरडत होते. "हातात घेऊन कितीक दिस झाले होते ते इचारा की!" गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी एके-४७ची नळी नुसत्या हातांनी धरून ठेवली. त्याचं कौतुक करताना आपण हे विसरतो की त्यांच्या हातात फक्त लाठी होती. पुढच्या वर्षी फोर्स वन उभं राहिलं, नवी हत्यारं आली. तालुक्याच्या ठाण्यातला शिपाई वर्षातून किती गोळ्या झाडतो, हा प्रश्न मात्र कोणत्याच वाहिनीला पडला नाही.

माझं मत विचाराल तर बेछूट गोळी झाडणारा पोलीस हा बहुतेक वेळा हत्याराला सरावलेला नसतो, घाबरलेला असतो. चकमकींचं प्रकरण वेगळं. तिथे भीती नव्हती, हिशेब नव्हता. १९९५ ते १९९७ या काळात मुंबईत ९९ चकमकींत सुमारे १३५ माणसं मेली, त्यावरून चाललेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली १६ सूचना दिल्या. गुन्हा नोंदवा, तपास दुसऱ्यांकडे द्या, चकमकीतली पोलिसांची हत्यारं तपासणीला जमा करा, लगेच बक्षीस-बढती देऊ नका. मेसमधल्या धावफलकाचा त्यात निकाल लागला होता. वर्सोव्याच्या २००६च्या एका चकमकीपायी सत्र न्यायालयाने २०१३ साली पोलिसांनाच जन्मठेप दिली. मी तो सोळा कलमांचा कागद वाचला तेव्हा मनात आलं, हे म्हणजे पुंगळ्या मोजणंच. फक्त फार उशिरा, माणसं मेल्यावर.

आता माझ्यावर आलेली वेळ. डिसेंबर २००१. उसाचा हंगाम, कारखाने सुरू. घरफोड्यांच्या एका टोळीचा माणूस रात्री अमुक मळ्यातून जाणार अशी खबर होती. मी आणि डी.बी.चे, म्हणजे गुन्हे शोध पथकाचे, दोन शिपाई उसाच्या तीन बाजूंना. चांदणं होतं. तो नेमका माझ्या अंगावर आला. हातात कोयता. मी ओरडलो, रिव्हॉल्वर रोखलं. त्याने कोयता उगारला.

कायदा माझ्या बाजूने होता. तेव्हाच्या दंड संहितेत आत्मसंरक्षणाची कलमं होती ९६ ते १०६, आताच्या न्याय संहितेत ती आहेत ३४ ते ४४. त्यातलं शेवटचं आम्ही नाशिकला घोकलं होतं. जीव वाचवताना निरपराध माणसाला इजा व्हायचा धोका पत्करावा लागला तरी तुमचा हक्क शाबूत राहतो. उदाहरणही दिलंय: तुमच्यावर चालून आलेल्या जमावात लहान मुलं आहेत, गोळी झाडल्यावाचून तुम्ही वाचत नाही, मुलाला लागलं तरी गुन्हा नाही. १८६०पासून ते तसंच आहे. कायदा समोर काय आहे ते विचारतो. मागचं त्याने माफ करून टाकलंय.

त्याच्या खांद्यावरून मला विस्तव दिसला. ऊसतोड्यांच्या कोप्या होत्या तिथे. चुलीपुढे कोणीतरी वाकलेलं होतं. माझं बोट घोड्याच्या कडीबाहेर, नळीला समांतर होतं. ते आत गेलं नाही. कोयता सुटला. डाव्या हाताला सात टाके पडले. तो पळाला, आणि तिसऱ्या दिवशी शेजारच्या तालुक्याच्या आठवडी बाजारात सापडला.

त्याच्याआधी मला मेमो आला. प्राणघातक हल्ला होऊनही शासकीय शस्त्राचा वापर का केला नाही, तीन दिवसांत खुलासा करावा. एक बॅचमेट दवाखान्यात भेटायला आला आणि म्हणाला, "रिव्हॉल्वर देव्हाऱ्यात ठेव, रोज फूल वाहा." मी हसलो. रात्री मात्र झोप नव्हती, आणि ती टाक्यांमुळे नव्हे. विस्तव खरंच दिसला होता, की नऊ वर्षांपूर्वीचं ते दचकणं परत आलं आणि मी नंतर त्याला विस्तवाची गोष्ट जोडली? हा प्रश्न विचारता येईल असा जगात एकच माणूस होता.

हात गळ्यात बांधून उस्तादांच्या क्वार्टरवर गेलो. मी लिहिलेला खुलासा त्यांनी चष्मा लावून बोटाने ओळ धरत वाचला. ‘आरोपीच्या पाठीमागे अंदाजे ६० फुटांवर मजुरांच्या झोपड्या होत्या.’ बोट तिथे थांबलं.

"साठ. मोजलं?"

"अंदाज आहे."

"अंदाजानं कागूद लिवू नका."

"उस्ताद," मी म्हणालो, "मी दचकलो तर नसेन?"

ते डाव्या बाजूला बसले होते की उजव्या, मला आठवत नाही. त्यांना ऐकू गेलं की नाही तेही कळलं नाही. उठून खुंटीवरचा सदरा काढला. "टेप घेऊन येतो. गाडी मी चालवतो."

सकाळचे नऊ वाजले असतील. ऊस अर्धा तोडून झाला होता, पण माझी जागा सापडली. बांधावर रक्ताचा डाग वाळून काळा पडला होता. उस्तादांनी टेपचं एक टोक मला धरायला दिलं. मी ते चोर उभा होता तिथे दाबून धरलं, ते दुसरं टोक घेऊन पहिल्या कोपीपर्यंत चालत गेले. त्रेचाळीस फूट. त्यांनी खिशातल्या डायरीत लिहिलं. मग परत येऊन चोराच्या जागी स्वतः उभे राहिले आणि मला माझ्या जागेवर पाठवलं.

"हात वर करा. उजवा."

मी रिकामा हात वर केला. समोर उस्ताद. खाकी पँट, वर घरचा सदरा, हातात गुंडाळलेला टेप. ते वळून बघत नव्हते.

"मागं काय हाय?"

"कोपी."

"मानसं बोला."

"बाई आहे. भाकरी थापतेय. कडेला एक लहान मूल, चिरगुटावर. एक पोरगी पातेलं घासतेय." मी जरा डावीकडे झुकलो. "आणि आत एक म्हातारा. पाय दिसताहेत."

"किती झाले?"

"चार."

"लिवा मग," उस्ताद म्हणाले. "त्रेचाळीस फूट. चार."